काळा दगड वाचायला शिकू या : ज्वालामुखीवरचा शालेय प्रबंध



सणांचे दिवस संपून खेश्वान महिना लागला, की अकरावीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी 'अवोदात गेमेर'चा विषय निघू लागतो. अवोदात गेमेर म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या संशोधनावर लिहिलेला प्रबंध. तो बगरूतच्या ५ येखिदोतचा, म्हणजे वरच्या पातळीच्या एका पूर्ण विषयाइतका धरला जातो. विद्यार्थी अकरावीत विषय निवडतो आणि बारावीत काम पुरे करतो. शेवटी बाहेरचा परीक्षक प्रबंध वाचून त्याच्याशी समोरासमोर बोलतो.

हा मार्ग सर्व मुलांना खुला आहे, पण आपल्या समाजातली किती मुले तो धरतात? दिमोना, येरुखाम, रामले, लोद, अश्दोद, बेएर शेवा अशा गावांतून आमच्या कानी येणारे उत्तर बहुधा एकच असते : "ते प्राध्यापकांच्या मुलांचे काम. आमच्या घरी सांगणार कोण?" हा लेख त्या उत्तरासाठी आहे. आम्ही मुद्दाम असा विषय घेतला आहे की जो मुलांना लहानपणापासून आवडतो, आणि ज्याची साधने आपल्या स्वयंपाकघरातही सापडतात. तो विषय म्हणजे ज्वालामुखी.

इस्राएलात ज्वालामुखी आहेत का?

आहेत, मात्र आज त्यांतला एकही धुमसत नाही. विद्यार्थ्याला हे सोयीचेच आहे. जिवंत ज्वालामुखी दुरून पाहावा लागतो. थंड झालेल्या ज्वालामुखीच्या पोटात शिरून त्याचे थर हाताने मोजता येतात.

आधी एक घोटाळा दूर करू. नेगेवमधला माख्तेश रामोन पाहून पुष्कळ लोक म्हणतात, हे ज्वालामुखीचे तोंड असणार. तसे नाही. 'माख्तेश' म्हणजे आपला खल किंवा उखळ. रामोनचे हे उखळ सुमारे ४० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ५०० मीटर खोल आहे, पण ते पाण्याने कोरले आहे. वर कठीण चुनखडी होती आणि खाली मऊ वालुकाश्म. वरचा थर फुटल्यावर पाण्याने खालचा मऊ दगड भराभर वाहून नेला आणि खळगा तयार झाला.

गंमत अशी, की या उखळाच्या तळाशी खरोखरचा ज्वालामुखी आहे. 'गिवआत गाअश' ही काळसर टेकडी म्हणजे १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा अवशेष. जवळच 'मिन्सारा' नावाची जागा आहे. मिन्सारा म्हणजे लाकडाची करवतगिरणी. जमिनीत घुसलेल्या तप्त शिलारसाच्या आचेने तिथला वालुकाश्म भाजला गेला आणि त्याचे असे लांबट, कोनदार तुकडे पडले, की कुणी फळ्या कापून रचल्यासारखे वाटावे. बेएर शेवाहून बसने जाऊन एका दिवसात परत येता येते. दक्षिणेतल्या मुलांना ज्वालामुखीसाठी गोलान गाठलेच पाहिजे असे नाही.

गोलानची गोष्ट मात्र अधिक ठळक आहे. तिथले पठार लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाले आहे. त्यावर शंकूच्या आकाराच्या टेकड्यांची रांग उभी आहे : हार अवितल (सुमारे १,२०० मीटर), त्याच्या शेजारचा हार बेन्ताल, दक्षिणेकडे हार पेरेस. बेन्ताल आपण १९७३ च्या योम किप्पूर युद्धामुळे ओळखतो. सहलीला गेलेला प्रत्येक जण माथ्यावरचे खंदक पाहून येतो, पण आपण ज्वालामुखीच्या कडेवर उभे आहोत हे थोड्यांच्याच ध्यानात येते. मस्सादे गावाजवळचे बिरकेत राम हे गोल तळेही ज्वालामुखीचेच तोंड आहे. वर येणारा शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला, वाफेचा स्फोट झाला आणि खड्डा पडला.

गोलानच्या पठाराचा मोठा भाग ३० ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि शेवटचे उद्रेक लाखभर वर्षांपूर्वीचे. हा सारा प्रदेश सीरिया, जॉर्डन आणि सौदी अरेबियापर्यंत पसरलेल्या एका विशाल लाव्हाक्षेत्राचे टोक आहे.

आता आपले कोकण घ्या. सह्याद्री, घारापुरीची लेणी, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे प्रचंड चिरे, हा सगळा दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. अलिबागजवळ खंडाळे येथे ज्या कातळावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत असे आपला समाज मानतो, तो कातळही याच कुळातला. वयाने रामोन सर्वांत जुना, मधला कोकण आणि सर्वांत धाकटा गोलान. आपले पूर्वज ज्या दगडावर राहिले आणि आपण आज ज्या दगडावर सहलीला जातो, त्या दोहोंचे शास्त्रीय नाव एकच आहे : बेसॉल्ट, हिब्रूत 'बाझेलेत'.

प्रश्न लहान असावा

'ज्वालामुखी : कारणे आणि परिणाम' असा विषय घेऊन आलेला विद्यार्थी पुस्तकांतून उतरवून काढण्यापलीकडे काही करू शकत नाही. सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढणारे मातीचे डोंगर तिसरी-चौथीपर्यंत ठीक. त्या खेळात खऱ्या ज्वालामुखीशी जुळणारी गोष्ट एकच : फेस वायूमुळे येतो. खऱ्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. तो वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा. वायू थोडा असेल तर लाव्हा शांतपणे वाहतो. पुष्कळ असेल तर कारंज्यासारखा उसळतो आणि त्याचे गोळे हवेतच गार होऊन तोंडाभोवती पडतात. त्यांचीच रास वाढत जाऊन अवितलसारखा शंकू उभा राहतो.

हे एवढे समजले, की प्रश्न सुचू लागतात. चांगल्या प्रश्नाची, म्हणजे 'शेएलात मेखकार'ची, ओळख आम्ही तीन गोष्टींवरून सांगू. त्याचे उत्तर मोजून मिळते. मोजण्याची साधने विद्यार्थ्याच्या आवाक्यात असतात. आणि उत्तर काय येईल ते त्याला आधीपासून ठाऊक नसते. खाली असे तीन प्रश्न दिले आहेत. उदाहरणांतले आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. ते कुठल्याही डोंगराचे नाहीत.

पहिला प्रश्न : शंकू किती झिजला आहे?

ताटात मूठभर रवा वरून सोडत गेलो तर रास होते. ती एका ठरावीक उतारापर्यंत वाढते. त्यापुढे घातलेला रवा घसरून खाली येतो. ज्वालामुखीच्या खड्यांचेही असेच होते. ताज्या शंकूचा उतार साधारण ३० अंशांचा असतो. नंतर पाऊस, वारा आणि शेती माथ्यावरचा माल खाली आणतात. शंकू बुटका आणि पसरट होतो.

अभ्यासक यासाठी एक सोपे गुणोत्तर वापरतात : शंकूची उंची भागिले तळाची रुंदी. ताज्या शंकूत ते सुमारे ०.१८ येते. म्हणजे तळ १,००० मीटर रुंद असेल तर उंची १८० मीटरच्या आसपास. आता समजा, नकाशावरून एका टेकडीचा तळ ९०० मीटर आणि उंची १२० मीटर निघाली. गुणोत्तर ०.१३ आले. ही टेकडी ताज्या शंकूपेक्षा झिजलेली आहे.

विद्यार्थ्याने १:५०,००० चा नकाशा घ्यावा, गोलानमधले सहा-सात शंकू निवडावेत, समोच्चरेषांवरून प्रत्येकाची उंची आणि रुंदी काढावी व तक्ता करावा. मग प्रत्यक्ष जागी जाऊन त्यांतल्या दोन-तीन शंकूंचा उतार मोजावा. उतारावर एक सरळ फळी ठेवायची, तिच्यावर कंपासपेटीतला कोनमापक उभा धरायचा आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडायचा. एकाच उतारावर निदान दहा ठिकाणी मोजावे. २४, २७, २५, २९, २६ असे वेगवेगळे आकडे येतील. त्यांतला एकच 'खरा' धरून बाकीचे खोडू नयेत. सगळे लिहावेत, सरासरी द्यावी आणि आकड्यांत किती अंशांचा फरक पडला तेही सांगावे. परीक्षक हेच पाहतो.

खरी कसोटी यापुढे आहे. 'गुणोत्तर कमी, म्हणून टेकडी जुनी' असे लगेच म्हणता येत नाही. एखाद्या शंकूची एक बाजू लाव्ह्याच्या प्रवाहाने तेव्हाच फोडून नेलेली असते आणि तो घोड्याच्या नालासारखा दिसतो. एखाद्यावर खाण चालली असेल. दोन तोंडे जवळजवळ असतील तर दोन राशी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक शंकूपुढे ही कारणे लिहून कुठली तुलना योग्य आणि कुठली नाही हे ठरवणे, हा प्रबंधाचा गाभा होईल.

दुसरा प्रश्न : दगडात दगड किती आणि पोकळी किती?

या प्रश्नासाठी घराबाहेरही जावे लागत नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकांत 'तूफ' नावाचा हलका, भोकाभोकांचा, काळा किंवा तांबडा खडा पोत्याने मिळतो. कुंड्यांत आणि बागेत तो घालतात. तोच हा शंकूचा माल. हातात घेतला की पाय घासायच्या वज्रीची आठवण येते.

ज्या घरांत अजून पाटा-वरवंटा आहे, त्यांनी आपला वरवंटा तूफाशेजारी ठेवून पाहावा. मुंबई-कोकणातून आलेला वरवंटा बहुधा दख्खनच्या पाषाणाचाच असतो. एक जड, घट्ट, गुळगुळीत. दुसरा हलका आणि जाळीदार. तरी दोन्ही बेसॉल्टच्याच कुळातले. मग फरक कशाने पडला? विद्यार्थ्याने तो आकड्यांत दाखवावा.

वरवंट्याचे काम सोपे आहे. वजन करा. काठोकाठ भरलेल्या बादलीत दोराने तो अलगद बुडवा आणि सांडलेले पाणी मोजा. समजा वजन २,३२० ग्रॅम आणि पाणी ८०० मिलिलिटर. घनता २.९ आली.

तूफाचे तसे चालणार नाही, कारण पाणी भोकांत शिरते. म्हणून खड्याचे आधी कोरडे वजन करायचे, मग तो वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून काढायचा आणि पुन्हा वजन करायचे. समजा आधी १५० ग्रॅम, नंतर १५८. मेण ८ ग्रॅम. मेणाची घनता सुमारे ०.९, म्हणून त्याने सुमारे ९ मिलिलिटर जागा घेतली. मेण लावलेल्या खड्याने ११२ मिलिलिटर पाणी सारले. खुद्द खड्याचे घनफळ १०३. घनता १५० भागिले १०३, म्हणजे सुमारे १.४६. भरीव बेसॉल्ट २.९ धरला, तर या खड्यात जवळजवळ निम्मी पोकळी आहे. ती बुडबुड्यांची जागा, आणि ते बुडबुडे त्या उद्रेकातल्या वायूचे. खडा तरंगू लागला तर सुईने हळूच दाबून बुडवावा. मेण वितळवताना घरातले मोठे माणूस जवळ हवे.

एक-दोन खड्यांवर थांबू नये. निदान तीस घ्यावेत. काळे आणि तांबडे वेगळे मोजावेत. मोठ्या आणि लहान खड्यांत फरक पडतो का ते पाहावे. तूफाची बारीक पूड करून तिची घनता काढली, तर २.९ हा आकडा गृहीत धरावा लागणार नाही. पोत्यातल्या खड्याची उणीव अशी, की तो डोंगराच्या कुठल्या थरातला हे कळत नाही. ही उणीव प्रबंधात स्पष्ट लिहावी. मर्यादा लिहिल्याने काम कमी दिसत नाही.

आजीला, म्हणजे सवताला, इथे एक भर घालता येईल. जात्याचा किंवा पाट्याचा दगड घासून गुळगुळीत झाला, की टाकी लावणारीला बोलवावे लागे. तिने छिन्नीने टोचून दगड पुन्हा खरखरीत केला की दळण-वाटण नीट होई. गोलान आणि गालीलमध्ये प्राचीन काळी जाती याच काळ्या दगडाची करीत. भोके असलेला बेसॉल्ट त्या कामी फार उपयोगी पडे : दगड झिजला तरी नव्या भोकांच्या नव्या कडा वर येतात आणि तो पुष्कळ काळ आपोआप खरखरीत राहतो. बुडबुड्यांचे शास्त्र आणि दळणाचा अनुभव इथे एकाच ठिकाणी येतात. ज्या मुलाचा कल इतिहासाकडे आहे, त्याने हाच प्रश्न पुराणवस्तूंच्या अंगाने घ्यावा. कोराझिमचे प्राचीन सिनेगॉग काळ्या बेसॉल्टचे आहे, आणि कफर नाहूमच्या पांढऱ्या सिनेगॉगच्या तळाशीही काळा पायाच आहे.

तिसरा प्रश्न : तांबडा रंग कुठून आला?

अवितलच्या उतारावर पूर्वी तूफाची खाण होती. आता तिथे ज्वालामुखी-उद्यान आहे. खाणीने डोंगर कापल्यामुळे त्याचे पोट केकच्या कापासारखे उघडे पडले आहे : काळा थर, तांबडा थर, पुन्हा काळा. उद्रेकाच्या नोंदवहीची ही पाने समजावीत.

तांबडेपणा लोखंडाचा. बेसॉल्टमध्ये लोखंड भरपूर असते. खडे गरम असतानाच त्यांना हवा आणि वाफ लागली, तर लोखंड गंजते आणि खडा तांबडा होतो. लवकर गार झाला तर काळा राहतो. म्हणून तोंडाजवळच्या, पुष्कळ वेळ गरम राहिलेल्या राशीत तांबडा रंग जास्त सापडण्याची अपेक्षा असते. ही झाली 'हश्आरा', म्हणजे गृहीतक. विद्यार्थ्याने थरांची जाडी, रंग आणि खड्यांचा आकार यांची नोंद करून ती खरी ठरते का ते तपासावे.

इथे सबाने घाईने उत्तर देऊ नये. कोकण पाहिलेला माणूस तांबडे काही दिसले की म्हणणार, "हा आपला जांभा." जांभ्याची लाली निराळी. बेसॉल्टवर लाखो वर्षे धो-धो पाऊस पडून बाकीचे घटक धुऊन गेले, लोखंड मागे राहिले आणि जांभा झाला. सह्याद्रीच्या कड्यात काळ्या थरांमध्ये जे तांबडे पट्टे दिसतात, त्यांची कथा तिसरीच : एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या काळात वरच्या पृष्ठभागाची माती झाली, आणि नवा लाव्हा तिच्यावर पसरला. म्हणजे आगीजवळची लाली, पावसाची लाली आणि दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची लाली. तिन्हींत लोखंड तेच, घडण्याची रीत वेगळी. या तिहेरी तुलनेवर आपल्या घरचे मूल एक सबंध प्रकरण लिहू शकेल, कारण तिन्ही दगड पाहिलेली माणसे त्याच्या घरात आहेत.

वय कसे ठरते?

मुले हा प्रश्न हमखास विचारतात. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सर्गी असतो आणि त्याचा काही भाग अतिशय सावकाश आरगॉन वायूत बदलतो. लाव्हा पातळ असताना जुना आरगॉन निसटून जातो. दगड घट्ट झाला की आत तयार होणारा नवा आरगॉन अडकून राहतो. तो मोजला की दगड केव्हा घट्ट झाला ते कळते. ही मोजणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते. विद्यार्थ्याने ती करायची नसते; यरुशलायीमच्या भूशास्त्र संस्थेचे नकाशे आणि अहवाल यांतून वये घ्यावीत व ती कुठून घेतली ते लिहावे.

पण वयांचा उपयोग कसा होतो याचे एक नामी उदाहरण बिरकेत रामच्या काठी आहे. हिब्रू विद्यापीठाच्या नआमा गोरेन-इनबार यांना १९८१ मध्ये तिथल्या उत्खननात जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा एक ज्वालामुखीचा खडा सापडला. त्याचा आकार स्त्रीच्या मूर्तीसारखा दिसत होता. तो किती जुना? खड्याचे वय काढून उपयोग नव्हता; हवे होते त्याला माणसाचा हात लागल्याचे वय. तो ज्या मातीच्या थरात होता, त्याच्या खाली लाव्ह्याचा एक थर होता आणि वर दुसरा. खालचा सुमारे ४,७०,००० वर्षांपूर्वीचा, वरचा सुमारे २,३३,००० वर्षांपूर्वीचा. मधल्या मातीतली वस्तू या दोन वयांच्या मधलीच असणार.

ती मूर्ती की नुसता योगायोगाने तसा दिसणारा दगड, यावर पुढे मोठा वाद झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत त्यावरचे काही चर माणसाने केलेले दिसतात असा निष्कर्ष निघाला, तरी शंका घेणारे आहेतच. प्रबंध लिहिणाऱ्या मुलाने हा वाद जरूर वाचावा. तूफाचा एक खडा आणि 'हे कशावरून?' हा प्रश्न, एवढ्यावर मोठमोठे अभ्यासक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत.

प्रत्यक्ष जागेवर जाताना

गोलानमध्ये अजून भूसुरुंग पेरलेले भाग आहेत. पिवळ्या पाट्या आणि तारेचे कुंपण दिसले की पलीकडे पाऊल टाकायचे नाही, मग समोर कितीही चांगला दगड असो. खुणा केलेली वाट सोडू नये, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या सुरक्षेच्या सूचना पाहाव्यात. रामोनमध्ये हिवाळ्यात अचानक पूर येतो. आकाश निरभ्र असले तरी दूरच्या पावसाचे पाणी वाहाळातून धावत येते. नेगेवात लष्करी सरावाची क्षेत्रेही आहेत. एकट्याने कधीही जाऊ नये.

माख्तेश रामोन हे संरक्षित क्षेत्र आहे. तिथून खडाही उचलता येत नाही. इतर राखीव जागांचेही तसेच. नमुना खरोखर हवा असेल तर शाळेमार्फत निसर्ग व उद्याने प्राधिकरणाकडे परवानगी मागावी. बहुतेक प्रश्नांना नमुना लागतच नाही : छायाचित्र, मोजपट्टी, कोनमापक, भिंग आणि वही पुरे. छायाचित्रात मापासाठी पेन किंवा नाणे ठेवायला विसरू नये. वहीत तारीख, वेळ, जागा आणि मोजणाऱ्याचे नाव त्याच वेळी लिहावे. घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद परीक्षेत टिकत नाही.

घरच्यांनी काय करावे

प्रबंधासाठी 'मन्खे', म्हणजे मार्गदर्शक लागतो. त्याच्याकडे निदान दुसरी पदवी असावी लागते. आधी 'हत्साआ', म्हणजे प्रस्ताव लिहून शिक्षण मंत्रालयाची मंजुरी घ्यायची असते. प्रस्तावात प्रश्न, गृहीतक, मोजण्याची पद्धत आणि वाचलेले साहित्य सांगायचे. शाळेत अवोदोत गेमेरचा समन्वयक असतो. नियम आणि तारखा त्याच्याकडूनच घ्याव्यात, कारण त्या वर्षागणिक बदलतात. ओळखीचे प्राध्यापक नसतील तर काय? भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला विचारावे, आणि त्याच्या सल्ल्याने विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला मुलाने स्वतः चार ओळींचे पत्र लिहावे. 'मला ज्वालामुखीबद्दल माहिती हवी' असे लिहिले तर उत्तर येणे कठीण. 'मला अवितल आणि पेरेस यांच्या उताराची तुलना करायची आहे, माझी पद्धत अशी आहे' असे लिहिले तर उत्तराची शक्यता पुष्कळ वाढते.

आई-वडिलांना भूशास्त्र येण्याची गरज नाही. गाडीने नेणे, फळी धरणे, आकडा मोठ्याने वाचणे आणि तो कागदावर लिहिला गेला की नाही ते पाहणे ही खरी मदत आहे. प्रबंध मुलाच्या ऐवजी लिहून देणे ही मदत नव्हे. तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतो, "हा आकडा कसा आला? दुसऱ्या दिवशी मोजले असते तर तोच आला असता का?" ज्याने उतारावर उभे राहून ओळंबा धरला त्याला या प्रश्नाची भीती वाटत नाही. उतरवून काढलेला प्रबंध, मग तो संगणकाने कितीही सफाईने लिहून दिलेला असो, या एका प्रश्नापाशी अडखळतो.

घरी मराठी बोलणाऱ्या सबा-सवतांसाठी काही शब्द देतो, म्हणजे नातवंडांचे बोलणे कळेल. 'हार गाअश' म्हणजे ज्वालामुखी. त्यातला 'गाअश' हा धातू तेहिल्लीमच्या १८ व्या अध्यायात पृथ्वी हादरण्यासाठी आला आहे. मराठीने आग पाहून नाव दिले, हिब्रूने हादरा पाहून. 'लोआ' म्हणजे ज्वालामुखीचे तोंड. 'मदिदा' म्हणजे मोजणी. 'मिम्त्साईम' म्हणजे जे आढळले ते. 'मस्काना' म्हणजे त्यावरून काढलेला निष्कर्ष. शेवटच्या दोहोंत गल्लत होऊ देऊ नका : 'उतार २६ अंश' हे आढळले, 'टेकडी झिजली' हा निष्कर्ष.

या वर्षी अकरावीत गेलेल्या मुलांना आमचे सांगणे इतकेच. येत्या आठवड्यात रोपवाटिकेतून लहानसे पोते तूफ आणा, घरातला तराजू काढा आणि दहा खडे तोलून पाहा. त्या दहा आकड्यांतून एखादा प्रश्न मनात उभा राहिला, तर तो कागदावर लिहून समन्वयकाच्या दारात उभे राहा. अवितल, रामोन किंवा कोकण यांतल्या कुठल्याही दगडावर प्रबंध पुरा करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्याचा सारांश मराठीत किंवा हिब्रूत आमच्याकडे पाठवावा. या पानांवर तो आनंदाने छापू.

सर्वांना बेहात्सलाखा!